आरोग्याच्या दारातील पायरी

संत योहानाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाची कथा आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. यरुशलेम नगरीत मेंढरे-दरवाजापाशी बेथेस्दा नावाचे एक तळे होते. त्यास पाच पडव्या होत्या, आणि त्या पडव्यांत आंधळ्या, लंगड्या, लुळ्या माणसांची दाटी असे. पाणी हालले की जो प्रथम आत उतरेल त्यास गुण येतो, अशी लोकांची श्रद्धा. अडतीस वर्षे दुखण्याने ग्रासलेला एक मनुष्य तेथे पडून होता. बरे व्हावयाचे आहे काय, असे प्रभूने त्यास विचारले, तेव्हा त्याने आपल्या दुखण्याविषयी चकार शब्द काढला नाही. आपणांस पाण्यात उतरविणारे कोणी नाही, आणि आपण सरकत सरकत जाईपर्यंत दुसराच कोणी पुढे होतो, एवढीच त्याची तक्रार होती.

या कथेवर विचार करताना आमचे मन नेहमी त्या तळ्यापाशीच अडते. तळे आरोग्याचे खरे. परंतु त्याची रीत अशी की, ज्याच्या पायांत बळ आहे त्याने आधी बरे व्हावे आणि ज्यास गरज सर्वांत अधिक त्याचा क्रमांक सर्वांत शेवटी लागावा. यरुशलेममधील संत आन्नाच्या मंदिरालगत या तळ्याचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. टाकी चांगली खोल आहेत आणि आत उतरावयास दगडी पायऱ्या आहेत. लुळ्या माणसाने तेथे काय करावे?

अशी तळी आमच्याही भोवती आहेत. तालुक्याचे रुग्णालय, गावचे आरोग्य केंद्र, व्यायामोपचाराची खोली, योगाचे वर्ग, रिट्रीटची सभागृहे, नोव्हेना, आणि आमची कुटुंबे वर्षाकाठी पदरमोड करून जेथे जातात ती वेळांकणीसारखी तीर्थक्षेत्रे, या साऱ्या जागा शरीराला उतार पडावा, मनाला विसावा मिळावा म्हणून आहेत. परंतु चाकाच्या खुर्चीवरील मनुष्य, काठी टेकीत येणारा अंध, कानांनी अधू असलेली आजी यांना तेथे आत जाता येते काय? आणि ज्यांच्या मेंदूची घडणच निराळी आहे, अशी स्वमग्न मुले, क्षणभर एका जागी न ठरणारी मुले, बौद्धिक वाढ मागे राहिलेली प्रौढ माणसे, यांना तेथे बसता येते काय? पहिल्यांना पायरी अडविते हे डोळ्यांना दिसते. दुसऱ्यांना अडविणारी पायरी दिसत नाही, म्हणून ती काढून टाकावी असेही कोणास सुचत नाही. या दुसऱ्या पायरीविषयी आज थोडे विस्ताराने लिहावे असा आमचा मानस आहे. आणि त्यासाठी जगातील रुग्णांचे सर्वांत प्रसिद्ध स्थान जे लूर्द, त्याचीच हकीकत सांगणे उचित होईल.

फ्रान्स देशाच्या दक्षिणेस, गाव्ह नदीच्या काठी, १८५८ साली ११ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत बर्नादेत सुबिरू या मुलीला अठरा वेळा पवित्र मरियेचे दर्शन घडले. ही मुलगी स्वतः दम्याने आजारी असे. ज्या मातेची गुंफा आमच्या कितीतरी चर्चच्या आवारात दगडमातीने उभारलेली आहे, तीच ही लूर्दमाता. तेथे रुग्णांची रीघ लागली तेव्हा त्यांना उचलावयास माणसे हवीत हे तेथील लोकांनी लवकर ओळखले. १८८५ साली रुग्णसेवकांची एक मंडळीच स्थापन झाली आणि ती आजतागायत चालू आहे. स्टेशनवर उतरवून घेणे, निळ्या छपराच्या हातगाड्यांत बसवून गुंफेपर्यंत ओढीत नेणे, जेवू घालणे, ही कामे हे सेवक करतात, आणि तीही स्वखर्चाने येऊन. १९५८ साली संत दहावे पायस यांच्या नावाचे भूमिगत भव्य मंदिर तेथे पवित्र करण्यात आले. हजारो माणसे मावतील अशा त्या मंदिरात रुग्णांच्या गाड्यांना जाता यावे म्हणून रुंद उताराच्या वाटा ठेविल्या आहेत. मिरवणुकीत रुग्ण पुढे, धडधाकट मागे, असा तेथला शिरस्ता आहे. बेथेस्दाची रीत लूर्दने अशी उलटी केली.

अशा या लूर्दमध्ये, १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, उत्तर फ्रान्समधील एक दांपत्य जाऊ इच्छीत होते. त्यांची दोन्ही मुले बुद्धीने व शरीराने अत्यंत अधू होती. त्यांनी आपल्या धर्मप्रांताच्या यात्रेत नाव घालण्याचा यत्न केला. मुलांना काही कळावयाचे नाही आणि इतर यात्रेकरूंना मात्र त्रास होईल, या सबबीवर त्यांना नकार मिळाला. आईबापांनी धीर सोडला नाही; ते आपल्या बळावर निघाले. लूर्दमध्ये एकामागून एक हॉटेलांनी त्यांना जागा नाकारली. शेवटी एका ठिकाणी सोय झाली ती या अटीवर की, जेवण खोलीतच घ्यावे लागेल, इतरांसमवेत बसता येणार नाही. रस्त्यात, इतकेच काय प्रत्यक्ष गुंफेपाशी, त्यांच्या कानी बोलणी आली की, असली मुले असतील तर माणसाने घरी बसावे.

वाचकहो, ज्या गावी स्ट्रेचरवरील मनुष्य राजासारखा मिरविला जातो, त्याच गावी ही दोन मुले पंगतीला नको झाली. तेथे पायरी नव्हती. उतार होते, गाड्या होत्या, ओढणारे हात होते. मग अडविले कोणी? शांत पडून राहणाऱ्या रुग्णाची करुणा येणे सोपे असते. जो अवेळी ओरडतो, ज्याच्या तोंडातून लाळ गळते, जो प्रार्थनेच्या ऐन शांततेत हसतो किंवा उठून चालू लागतो, त्याची करुणा येण्यापूर्वी संकोच येतो. आम्ही संकोच म्हणतो तो शिष्टाचार म्हणून. खरा शब्द किळस असा आहे, आणि आईबापांना तो नजरेतूनच कळतो.

या दांपत्याने आपले दुःख मनात ठेविले नाही. त्यांनी ते मारी-हेलेन मात्यू आणि कॅनडाचे ज्याँ व्हानिए यांच्या कानी घातले. त्यातून निश्चय झाला की, अशा मुलांची व प्रौढांची यात्रा लूर्दलाच न्यावयाची, आणि लपतछपत नव्हे तर उघड्या मैदानावर. तयारीला तीन वर्षे लागली. आमच्या मते या हकीकतीतील शिकण्याजोगा भाग हाच आहे. त्यांनी नुसती गाड्यांची नोंदणी केली नाही. गावोगावी लहान लहान गट केले. प्रत्येक गटात अधू मनुष्य, त्याचे आईबाप आणि काही तरुण मित्र. हे लोक यात्रेच्या कितीतरी आधीपासून एकमेकांस भेटू लागले, एकत्र जेवू लागले, एकत्र प्रार्थना करू लागले. त्यामुळे कोणास गर्दीची भीती वाटते, कोणास अनोळखी हाताचा स्पर्श सहन होत नाही, कोण भूक लागली की चिडतो, हे लूर्दला पोहोचण्यापूर्वीच सर्वांस ठाऊक झाले होते. १९७१ च्या ईस्टरला पंधरा देशांतून बारा हजार यात्रेकरू जमले. त्यांपैकी चार हजार बुद्धीने अधू होते. गावातील अनेकांच्या पोटात भीतीचा गोळा आला होता. पण ते दिवस गाण्यानाचण्यात, निर्विघ्न पार पडले. यात्रा संपली तरी ते गट मोडले नाहीत. ‘श्रद्धा आणि प्रकाश’ या अर्थाच्या नावाने ते आज सुमारे ऐंशी देशांत आहेत.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. झाकून ठेवणे योग्य होणार नाही. व्हानिए यांनी १९६४ साली फ्रान्समध्ये स्थापिलेल्या ‘लार्श’ या संस्थेनेच, त्यांच्या निधनानंतर, २०२० साली चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे त्यात उघड झाले. २०२३ च्या अधिक विस्तृत अभ्यासात अशा स्त्रियांची संख्या किमान पंचवीस असल्याचे नमूद आहे. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या. तरीही आमच्या विषयाशी या गोष्टीचा निकट संबंध आहे. उपचाराच्या व शांतीच्या जागी मनुष्य आपले मन उघडे करून येतो. तेथे बंद दारामागे एकट्याने कोणाच्या स्वाधीन व्हावे लागू नये, आपले नको म्हणणे ऐकणारे कोणी असावे, हीदेखील त्या जागेची सोयच होय. जो बोलू शकत नाही त्याच्यासाठी तर ती पहिली सोय. लार्शची घरे मात्र आपले काम करीत आहेत. आमच्या बेळगावकर वाचकांना तुलनेने जवळचे म्हणजे बंगळूरचे ‘आशा निकेतन’. ते १९७० सालापासूनचे आहे, आणि तेथे बुद्धीने अधू माणसे व त्यांचे सोबती एका छताखाली राहतात.

आता आपल्या अंगणात येऊ.

प्रथम डोळ्यांना दिसणारी पायरी. आरोग्य केंद्राच्या नव्या इमारतींपुढे हल्ली उतार बांधलेला असतो. परंतु आम्ही पाहिलेल्या एका केंद्रातील उतारावर मोटारसायकली उभ्या होत्या. दुसऱ्या एका ठिकाणी उतार इतका उभा होता की त्यावरून खुर्ची चढविण्यापेक्षा माणूस उचलून नेणे बरे. गवंड्याला माप ठाऊक नसते आणि सांगणाऱ्यालाही नसते, म्हणून ते येथे देतो. एक फूट उंची गाठावयाची तर उताराची लांबी बारा फूट हवी. चर्चच्या दारापुढे अर्ध्या अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या असतील तर उतार अठरा फुटांचा झाला पाहिजे, आणि त्यास दोन्ही बाजूंनी कठडा हवा. दाराची मोकळी रुंदी तीन फूट असली म्हणजे खुर्ची आत जाते. शौचालयाचे दार बाहेर उघडावे. आत उघडणारे दार खुर्चीला आपटून बंदच होत नाही. चर्चमध्ये एखादा बाक थोडा आखूड करून जागा केली तर खुर्चीवरील मनुष्य आपल्या घरच्या माणसांच्या शेजारी बसू शकतो. एरवी तो मधल्या वाटेत, सर्वांच्या नजरेत, एखाद्या सामानासारखा उभा असतो.

दुसऱ्या पायरीला गवंडी लागत नाही. संत मार्काच्या सातव्या अध्यायात एका बहिऱ्या व तोतऱ्या माणसास प्रभूकडे आणिले जाते. प्रभूने प्रथम काय केले? त्यास समुदायापासून एकीकडे, एकांतात नेले. पुढील अध्यायात आंधळ्या माणसाचा हात धरून त्यास गावाबाहेर नेले. या वचनांवर आम्ही अनेक प्रवचने ऐकिली आहेत. परंतु गर्दीतून बाजूला नेणे हाही उपचाराचाच भाग होता, याकडे क्वचितच कोणी लक्ष वेधिले. स्वमग्न मुलाच्या कानी पडणारा आवाज आपल्याहून निराळा असतो. आपणांस सुखद वाटणारी घंटा त्यास डोक्यात खिळा ठोकल्यासारखी वाटू शकते. कर्णा, पंख्याची घरघर, धुपाचा वास, नळीच्या दिव्याचे लुकलुकणे, शेजाऱ्याचा धक्का, हे सारे एकदम अंगावर आले की ते मूल कान झाकते, ओरडते, जमिनीवर लोळण घेते. लोक म्हणतात, हट्टी आहे, आईने लाडावून ठेविले आहे. तो हट्ट नव्हे. भाजले म्हणजे हात मागे घ्यावा तसे ते आहे.

आरोग्य केंद्रात अशा मुलास दोन दोन तास रांगेत बसविले तर डॉक्टरांच्या पुढे येईपर्यंत ते तपासून घेण्याच्या स्थितीत उरत नाही, आणि आई अर्ध्यावरच घरी परतते. पुढे दात किडतो, कान वाहतो, आणि आई जाण्याचे टाळते. म्हणून पहिल्या वेळेचा नंबर, एखादी कमी गोंगाटाची खोली, शक्यतो तेच डॉक्टर व तीच परिचारिका, या गोष्टी चैनीच्या नव्हेत. अंगाला हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगावे. नळी दाखवावी, मुलाच्या हातात द्यावी, मग छातीला लावावी. प्रौढ मनुष्य असेल तर प्रश्न त्यालाच विचारावा. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या चाळीस वर्षांच्या गृहस्थाविषयी त्याच्या आईस ‘याला काय होते’ असे विचारणारे डॉक्टर आम्हांस भेटले आहेत. गृहस्थ पदवीधर होते.

आमच्या वाचकांनी हेही ध्यानी ठेवावे की हे मागणे म्हणजे भीक नव्हे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत, आणि स्वमग्नता त्यांत आहे. त्याच्या पंचविसाव्या कलमात सरकारी व खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्यावाचून जाता यावे, तसेच तपासणीत व उपचारांत अशा रुग्णांस अग्रक्रम मिळावा, असे सांगितले आहे. म्हणजे रांगेत पुढे घ्या असे म्हणणारी आई उपकार मागत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात असे ठरविले की, सुगम्यतेची मापे नुसती शिफारस म्हणून असून चालणार नाहीत, ती बंधनकारक असली पाहिजेत. यांखेरीज १९९९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक व बहुविध अपंगत्व असणाऱ्यांसाठी आहे, आणि तीत एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. अपंगत्वाचा दाखला काढून ठेवणे मात्र आवश्यक. दाखला काढला म्हणजे मुलीच्या बहिणींची लग्ने जमत नाहीत, या भयाने कागद न करणारी कुटुंबे आहेत. त्यांना आम्ही दोष देत नाही. पण त्या न काढलेल्या कागदापायी औषधांवाचून राहते ती तीच मुलगी.

आरोग्याच्या प्रार्थनासभांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. तेथे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. ज्यास स्पर्श सोसत नाही त्यास आधी विचारावे, आणि तो नको म्हणाला तर हात आवरता घ्यावा. प्रार्थना हातभर अंतरावरूनही होते. तसेच ‘विश्वास कमी पडला’ किंवा ‘कुणाचे तरी पाप भोवले’ असे बोलणे त्या आईबापांस ऐकविणाऱ्यांनी योहानाचा नववा अध्याय पुन्हा काढावा. जन्मांध मनुष्य पाहून शिष्यांनी नेमका हाच प्रश्न केला होता, पाप याचे की याच्या आईबापांचे. आणि प्रभूने दोन्ही नाकारिले. लूर्दमध्येही दीडशेहून अधिक वर्षांत धर्मसभेने चमत्कार म्हणून मान्य केलेली आरोग्ये सत्तरांच्या थोडी वर आहेत, आणि तेथे जाणारे रुग्ण लक्षावधी. जे बरे न होता परतले ते पुन्हा का जातात? त्यांच्यापैकी अनेकांस चालू लागण्याहून दुसरेच काही हवे असते. रांगेत पुढे असणे, नावाने हाक मारली जाणे, चारचौघांत बसून जेवणे. त्या दोन मुलांस नाकारले गेले ते हेच होते. शिवाय स्वमग्न प्रौढांपैकी पुष्कळ जण स्पष्ट सांगतात की, आम्हांस रोग झालेला नाही, आमची घडण अशीच आहे. त्यांच्यासमोर त्यांच्या ‘बरे होण्याची’ प्रार्थना मोठ्याने म्हणावी की त्यांना कशासाठी प्रार्थना हवी ते आधी विचारावे, हा विवेकाचा प्रश्न आहे. आम्ही विचारण्याच्या पक्षाचे आहोत.

फेस्ताचे दिवस येतील. प्रत्येक धर्मग्रामात अशी एकदोन घरे असतात, ज्यांतील एक जण दर वर्षी मिस्सेला न येता मुलास घेऊन मागच्या खोलीत दारे लावून बसतो, कारण बाहेर फटाके व कर्णे. फेस्त समितीने आधीच्या रविवारी त्या घरी जावे. फटाके किती वाजता ते सांगावे. शक्य तर दूरच्या शेतात उडवावे. एखादी मिस्सा कर्ण्याशिवाय, कमी गर्दीत, सकाळच्या वेळी ठेवावी. चर्चच्या बाजूच्या दाराजवळचा बाक राखून ठेवावा, म्हणजे मूल उठून बाहेर गेले तरी कोणास वळून पाहावे लागणार नाही. मुलास घंटा, धूप व दिवे यांची ओळख व्हावी म्हणून आदल्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये आणावे. चावी तर सेवकाजवळ असतेच. आणि जेवणाच्या मांडवात त्या घरची पाने वेगळी मांडू नयेत.